घास उतरेनासा होतो तेव्हा

भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेनासा झाला म्हणजे माणूस तो आमटीत कुस्करून खाऊ लागतो. पुढे भाकरी सुटून मऊ भात येतो, भातही अडू लागला की पेज येते, आणि इतके होईतो घरातील कोणाच्या मनात वयोमानापलीकडे दुसरी शंका येत नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगाची ही नेहमीची चाल आहे. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही लवचीक नलिका बरीच अरुंद होईपर्यंत तक्रार करीत नाही, आणि म्हणूनच रोगी इस्पितळात दाखल होतो तेव्हा पुष्कळदा रोगाइतकाच उपासमारीनेही खंगलेला असतो.

शस्त्रक्रिया, किरणोपचार यांचा निर्णय डॉक्टरांचा. परंतु ते सोसण्याइतके बळ शरीरात टिकवून धरण्याची जबाबदारी मुख्यतः परिचारिकेवर येते, आणि तिच्या या कामाचे मोल आपण पुरते ओळखलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीला वॉर्डात ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राइल या ब्रिटिश डॉक्टरांवरून ते नाव पडले. तिच्यातून अन्न देताना परिचारिका आधी पलंगाची उशाकडील बाजू उंच करते, नाकपुडीजवळची चिकटपट्टी आणि नळीवरची खूण जागच्या जागी असल्याची खातरजमा करते, थोडे कोमट पाणी सोडते, आणि मग गाळलेली पातळ पेज सिरिंजमध्ये ओतून, दट्ट्याने न रेटता, आपल्याच भाराने उतरू देते. शेवटी पुन्हा पाणी. नाहीतर नळी तुंबते. त्यानंतर निदान अर्धा तास रोग्याला आडवे होण्याची मुभा नाही, कारण उलटून आलेले अन्न श्वासनलिकेत शिरले तर न्यूमोनिया ओढवतो. गिळता न येणारी लाळ थुंकण्यासाठी भांडे हाताशी ठेवणे, सुकलेले ओठ ओले करणे हेही तिचेच काम. पण शेजारच्या खाटेवर जेवणाचे ताट येताच मधला पडदा हलकेच ओढून घेणे मात्र कोणाला शिकवून येत नाही.

शस्त्रक्रियेत रोगट भाग काढून बहुधा जठरच छातीत वर ओढून जोडतात. तेव्हा पुढे एका बैठकीला पोटभर जेवण नाही, दिवसातून ६ ते ८ वेळा थोडे थोडे, आणि रात्री सपाट निजणे वर्ज्य. पहिल्या दिवसांत ताप किंवा धाप दिसली, तर जोड गळत असल्याचा संशय धरून डॉक्टरांना तत्काळ वर्दी द्यावी लागते.

नळीसह रोग्याला घरी नेणाऱ्यांना एवढीच विनंती, की सुटीचा कागद हाती घेण्यापूर्वी एक वेळचे अन्न परिचारिकेच्या नजरेखाली आपल्या हाताने देऊन पाहावे.