महाकाय भेकांची ओळख कशी पटवायची?

कोरडी, पुळ्यापुळ्यांची कातडी, आखूड पाय आणि लांब उडीऐवजी खुरडत पुढे जाण्याची सवय दिसली, की हा बेडूक नव्हे, भेक आहे, हे पाचवी-सहावीतला विद्यार्थीही सांगतो. पण 'भेक खरा, पण कोणता?' असे कोणी विचारले की भलेभले थबकतात. भेक जितका मोठा तितकी ओळख सोपी, असेही नाही. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत चांगल्या वीतभर लांबीचे भेक आहेत आणि त्यांनीच शास्त्रज्ञांना सर्वांत जास्त घोळात घेतले आहे.

रॉल्फ ब्लॉमबर्ग या स्वीडिश प्रवाशाला १९५० साली नैर्ऋत्य कोलंबियातल्या दमट जंगलात असा एक भेक सापडला. मायर्स आणि फंकहाउसर यांनी १९५१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि शोधणाऱ्याचेच नाव त्याला दिले. आज त्याला रीबो ब्लॉमबर्गाय म्हणतात. त्याची लांबी २० सेंटिमीटरहून अधिक भरते, तीही तोंडाच्या टोकापासून धडाच्या शेवटापर्यंत. बेडूक-भेकांच्या मापात मागचे पाय कधीच धरत नाहीत. एवढा मोठा प्राणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हता!

आता असा एखादा भेक आपल्यासमोर ठेवला आहे असे समजू. आधी कुठे पाहायचे? रंगाकडे नव्हे, डोक्याकडे. डोळ्यांच्या कडेने हाडाचे उंच कंगोरे दिसतात का? दिसत असतील, कातडी खरखरीत असेल आणि डोळ्यांमागे फुगीर, अवाढव्य विषग्रंथी असतील, तर तो रिनेला प्रजातीतला, बहुधा 'केन टोड' म्हणून ओळखला जाणारा भेक असणार. डोके सपाट, कंगोऱ्यांवाचून असेल आणि कातडी बरीच गुळगुळीत असेल, तर तो रीबो. (प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट, हे वर्गात पुन्हा सांगितलेले बरे. मुले हे दोन शब्द हमखास उलटसुलट करतात.) पिल्लांच्या बाबतीत मात्र ही खूण जपून वापरावी, कारण वाढत्या वयाबरोबरच कंगोरे ठळक होतात.

रंग मागे ठेवण्याचे कारण साधे आहे. संग्रहालयातले नमुने मद्यार्कात ठेवलेले असतात. तिथे रंग काही वर्षांत उडतो, हाड मात्र राहते. शंभर वर्षांपूर्वीचा नमुना आजच्याशी ताडून पाहायचा, तर हाडावरच भिस्त ठेवावी लागते.

रीबोमध्येही जुळ्यांसारखे दिसणारे भेक आहेत. ब्लॉमबर्गाय आणि रीबो गुटाटस या दोघांची पाठ फिकट आणि कुशी गडद. गुटाटस म्हणजे ठिपकेवाला. तो सहसा ब्लॉमबर्गायहून लहान असतो. इथे नकाशा मदतीला येतो. ब्लॉमबर्गाय अँडीज पर्वताच्या पश्चिमेला, कोलंबिया आणि एक्वादोरच्या पॅसिफिककडील जंगलांत राहतो, तर गुटाटस पूर्वेला, ॲमेझॉनच्या बाजूला. पण हे भेक हौशी लोक पाळतात, प्राणिसंग्रहालयांतही असतात. पिंजऱ्यातल्या भेकाचा गाव कोण सांगणार? म्हणून नमुना कुठे मिळाला याची चिठ्ठी आमच्या मते नमुन्याइतकीच मोलाची आहे.

गुटाटसची आणखी एक गंमत. बहुतेक भेकांचे विष, शत्रूने ग्रंथी चावल्या-दाबल्यावरच बाहेर येते. गुटाटस मात्र त्रास दिला की आपणहून विषाची चिळकांडी उडवतो. हे ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले.

सर्वांत अवघड कोडे केन टोडचेच आहे. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे नाव ठेवले. आजचे नाव रिनेला मरीना. विगमानने १८३३ मध्ये हॉरिबिलिस या नावाने वेगळी जात वर्णिली होती, पण पुढे ती मरीनातच जमा झाली. १९९८ मध्ये डीएनएच्या तुलनेतून दिसले, की अँडीजच्या दोन बाजूंचे केन टोड सुमारे २७ लाख वर्षांपूर्वीच एकमेकांपासून दुरावले आहेत. मग कवटीची आणि विषग्रंथींची मापे घेतली गेली. तीही वेगळी निघाली. २०१६ मध्ये पूर्वेकडचा तो मरीना आणि पश्चिमेकडचा, मध्य अमेरिकेपर्यंत पसरलेला तो हॉरिबिलिस, असे विगमानचे नाव पुन्हा जिवंत झाले. नुसत्या नजरेने हे दोघे ओळखता येतील असे मात्र कोणी मानू नये.

हा केवळ नावांचा खेळ आहे का? ऑस्ट्रेलियाला विचारा. उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी १९३५ मध्ये हवाई बेटांवरून क्वीन्सलँडमध्ये जेमतेम शंभरएक केन टोड आणले गेले. भुंगेरे तसेच राहिले आणि भेक देशभर पसरू लागले. त्यांना खाऊन तिथले साप, घोरपडी आणि क्वोल हे मांसाहारी प्राणी मरू लागले. भेकांना आवर घालणारा रोग शोधायचा, तर तो त्यांच्या मूळ मुलखात. पण मूळ मुलूख अँडीजच्या कोणत्या बाजूचा? डीएनएने उत्तर दिले: पूर्वेचा. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी व्हेनेझुएलातून विषाणू मिळवलेही, परंतु ते ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या बेडकांनाही मारक ठरले आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला.

डोके पाहण्याचा सराव आपल्याकडेही करता येईल. पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपायला येणारा आपला नेहमीचा भेक पाहा. त्याच्या डोक्यावर काळ्या कडांचे कंगोरे स्पष्ट दिसतात. महाराष्ट्रात आढळणाऱ्या संगमरवरी भेकाच्या डोक्यावर ते नसतात. मुलांना दुरूनच, विजेरीच्या उजेडात चित्र काढायला सांगावे. आणि कोणी हात लावलाच, तर डोळे चोळण्याआधी हात धुवायला लावावेत.