बाटली भरणारे हात

उन्हाळ्यात एस.टी. स्टँडवर आपण थंड पेयाची बाटली घेतो. ती कोठे भरते, कोण भरते, हे फारसे कोणी विचारीत नाही. बारामती-इंदापूरकडची पुष्कळ पोरं आता अशा कामावर जातात. म्हणून त्या कामाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हा धंदा मोठा आहे. अमेरिकेची कोका-कोला कंपनी 1977 साली आपला देश सोडून गेली. त्याच साली पार्ले कंपनीने थम्स अप काढले. 1993 साली कोका-कोला परत आली आणि तिने थम्स अप विकत घेतले. पुणे जिल्ह्यात तिची पेये भरण्याचा कारखाना मुळशी तालुक्यात पिरंगुटला आहे. आपल्याकडे दुधाचे मोठे कारखाने आहेत. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त श्रायबर डायनॅमिक्स आहे, इंदापूर तालुक्यात सोनाई आहे. पेय निराळे, पण कामाची रीत बरीच सारखी.

आता काम कसे चालते ते पाहू. काचेची जुनी बाटली आधी गरम पाण्याने व कॉस्टिक सोड्याने धुतात. मग ती उजेडाच्या पडद्यापुढून जाते. तेथे बसलेला कामगार आत काडी-कचरा आहे का ते बघतो. थोड्या वेळाने त्याला बदली देतात, कारण डोळे शिणतात. पुढे यंत्र पेय भरते, बूच लावते. एका लिटरात सुमारे 100 ग्रॅम साखर असते. म्हणजे आपला ऊस तेथेही आहेच!

काम तीन पाळ्यांत चालते. यंत्राचा आवाज फार. कानात बोळे घालावेत. सोडा अंगावर उडाला तर कातडी भाजते. लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पेयात जो फसफसणारा वायू असतो तो हवेपेक्षा जड. तो टाकीच्या तळाशी साचतो आणि डोळ्यांना दिसत नाही. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपली जुनी माणसे कंदील सोडून बघत, ते याच भीतीने. टाकीतली हवा यंत्राने तपासल्याशिवाय आत उतरू नये. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी घालू नये. आधी साहेबांना हाक मारावी. नाहीतर एकाचे दोन जातात.

थंड पेयाचा हंगाम उन्हाळ्याचा. तेव्हा ठेकेदार जादा माणसे घेतो. पाऊस लागला की त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी बसावे लागते. हे ठाऊक ठेवूनच कर्ज काढावे.

आता पैशाचे. समजा, रोज 500 रुपये आहे व 26 दिवस काम झाले. पगार 13,000 रुपये. त्यातून पी.एफ. शेकडा 12, म्हणजे 1,560 रुपये कापतात. तो पैसा बुडीत नाही बरं का! कारखान्याकडूनही शेकडा 12 भरले जातात. त्यातला काही भाग पेन्शनसाठी जातो. तुमचा पी.एफ.चा 12 आकडी यू.ए.एन. नंबर लिहून ठेवा. जेथे ई.एस.आय. लागू आहे तेथे शेकडा पाऊण रुपया कापतात. त्यावर घरच्यांनाही दवाखाना मिळतो. आठ तासांवर काम झाले तर त्या तासांना दुप्पट मजुरी. 500 रुपये रोजाला तासाचे साडेबासष्ट होतात. जादा तासाचे 125 पडले पाहिजेत.

आमच्या ओळखीच्या एका पोराने 26 दिवस भरले. चिठ्ठीवर 22 होते. त्याने रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली होती. ते कॅलेंडर घेऊनच तो मुकादमापुढे उभा राहिला. म्हणाला, "दादा, मोजून बघा की!" मुकादमाने हजेरीबुक काढले, आणि चार दिवसांचे 2,000 रुपये त्याला मिळाले.

तुम्हीही असेच करा. कामाला लागताना नेमणुकीचा कागद मागा. महिना संपला की 7 तारखेच्या आत पगार मिळाला पाहिजे. चिठ्ठीवरचे दिवस, जादा तास आणि कपात वाचा, मगच सही करा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कारखान्यावर येते. दाद न लागल्यास सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या.