ज्या घरावर यंदा तारा नाही

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती कुटुंबांत साफसफाई सुरू होते, अंगणात गोठा उभा राहतो आणि दारावर कागदी तारा झळकू लागतो. मात्र याच सुमारास काही घरांत एक वाक्य हळू आवाजात उच्चारले जाते : "यंदा काही करावेसे वाटत नाही." बोलणाऱ्याच्या मनात अपराधीपणाही असतो. शेजारी रोषणाई असताना आपले घर अंधारात राहिले, तर लोक काय म्हणतील? आपली श्रद्धा तर मंदावली नाही ना? या प्रश्नांचा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

ख्रिस्तसभा काय मागते?

घर सजविणे हे धार्मिक कर्तव्य कधीच नव्हते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याचा रोममधील सर्वांत जुना उल्लेख इ. स. ३३६ चा आहे. घरात सजविलेल्या नाताळवृक्षाचे एक प्रसिद्ध वर्णन मात्र १६०५ सालचे, स्ट्रासबर्ग शहरातील आहे. जर्मनीतील सुप्रसिद्ध बहुकोनी कागदी तारा १८३० च्या दशकात नीस्की येथील मोराव्हियन शाळेत भूमिती शिकविताना जन्मास आला. व्हॅटिकनमधील संत पेत्राच्या चौकात नाताळवृक्ष प्रथम उभा राहिला, तो १९८२ साली. थोडक्यात, सणाच्या मानाने ह्या प्रथा बऱ्याच अलीकडच्या आहेत. त्या सुंदर आहेत आणि त्यांत मुलांचा आनंद आहे; पण त्यांच्यावाचून कित्येक शतके नाताळ साजरा होत आला.

पौर्वात्य धर्मसभांसाठी १९९० साली घोषित झालेल्या विधिसंहितेत नाताळ हा पाळावयाचा सण म्हणून नमूद आहे. तेथे अपेक्षा आहे ती उपासनेत सहभागी होण्याची. तारा, झाड वा रोषणाई यांविषयी तेथे एक शब्दही नाही.

गव्हाणीची परंपरा अधिक जुनी आहे. पण तिचाही आरंभ साधाच होता. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिस ह्यांनी इटलीतील ग्रेच्यो येथे गवताने भरलेली गव्हाणी, एक बैल व एक गाढव एवढीच सिद्धता करविली होती. मूर्ती नव्हत्या. पोप फ्रान्सिस ह्यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्यो येथेच गव्हाणीविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली, त्यातही ह्या साधेपणाची आठवण करून दिली आहे. सिंदेवाहीच्या शेतकऱ्याच्या अंगणात धानाचे तणस असतेच. संत फ्रान्सिस ह्यांना लागलेले साहित्य त्याच्यापाशी विकत न घेता हजर आहे.

मौनाने सुरू होणारा काळ

सिंदेवाही ज्या चांदा धर्मप्रांतात येते, तो सिरो-मलबार परंपरेचा आहे. नाताळपूर्वीच्या काळास या परंपरेत मंगळवार्ता काळ म्हणतात. त्याच्या पहिल्या रविवारी वाचला जाणारा प्रसंग लक्षात घेण्याजोगा आहे. जखऱ्या आणि अलीशिबा हे वृद्ध दाम्पत्य निपुत्रिक आहे. देवदूताची आनंदवार्ता ऐकूनही जखऱ्याचा विश्वास बसत नाही आणि तो मुका होतो. मरियेचे स्तोत्र व देवदूतांचे गायन पुढे आहे. त्याआधी एका थकलेल्या घराचे मौन आहे. देवाने ते घर वगळले नाही. योहान त्याच घरात जन्मास आला. ज्यांच्या मुखी यंदा गाणे येत नाही, त्यांनी जखऱ्याकडे पाहावे.

उत्साह का मावळतो?

कारणे एकसारखी नसतात, म्हणून त्यांवरील उपायही एक नसतो. पहिले कारण निव्वळ थकवा. सिंदेवाहीचा परिसर धानाचा. भातावर संशोधन करणारे कृषी विद्यापीठाचे केंद्रही येथे आहे. नाताळ येतो तो कापणी आणि मळणीच्या दिवसांत. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावाव्याशा वाटल्या नाहीत, तर त्यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही. बेथलेहेमचे मेंढपाळही त्या रात्री कामावरच होते, हे संत लूक सांगतात.

दुसरे कारण रिकामे झालेले घर. मुले नागपूर, पुणे, हैदराबाद येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेली. मागे दोन वृद्ध जीव उरले. आजवर सजावट मुलांसाठी होती. आता ती कोणासाठी करावी, असा प्रश्न त्यांना पडतो.

तिसरे कारण शोक. ह्या जंगलप्रदेशात तो अनपेक्षितपणे दारात येतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. असे दुःख एखाद्या धर्माचे वा घराचे राहत नाही; सारा गाव त्यात ओढला जातो. घरात मृत्यू झाला असता वर्षभर सण न करण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि शोकाकुल माणसावर आनंदाची सक्ती करणे योग्य नव्हे. संत मत्तय ह्यांच्या शुभवर्तमानात तर ज्ञानी लोकांच्या भेटीनंतर लगेच मुलांसाठी रडणारी राहेल आहे. बाळ येशूच्या कथेतही अश्रूंना जागा आहे.

चौथे कारण वेगळे आहे. चौथ्या शतकातील वाळवंटवासी तपस्वी एव्हाग्रियस ह्यांनी मनाच्या एका अवस्थेचे वर्णन केले आहे : सूर्य जणू जागचा हलत नाही, आपली खोली नकोशी होते, प्रार्थना बेचव वाटते. ह्या अवस्थेला त्यांनी मध्यान्हीचा दैत्य म्हटले. येथे देवाच्या गोष्टींविषयीच अनास्था येते. ह्यावर तपस्वी परंपरेने सुचविलेला उपाय साधा आहे : जागा न सोडता लहानसे काम नेमाने करीत राहावे. रोज संध्याकाळी एक दिवा आणि एक प्रार्थना, एवढे पुरे.

ह्या चार कारणांपलीकडे आजारही असू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व कामातील रस नाहीसा झाला असेल, तर तो नैराश्याचा आजार असण्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. उपचार घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

शेजाऱ्यांनी काय करावे?

आमच्या मते, खरी कसोटी शेजाऱ्यांचीच आहे. अंधारे घर पाहून "यंदा तुम्ही तारा नाही लावला?" असा जाब विचारणे सोपे असते. ज्यांची रोषणाई होऊ शकली नाही, ते मग अशा प्रश्नांच्या भीतीने चर्चमध्ये येण्याचेही टाळू लागतात. सजावटीवरून सुरू झालेला संकोच माणसाला धर्मग्रामापासूनच तोडतो. हे घडू देता कामा नये.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. कॅरल गाणाऱ्या मंडळींनी अंधाऱ्या घराला वळसा घालू नये. आधी विचारून जावे. शोक असेल तेथे गाण्याऐवजी थोडी प्रार्थना करावी. युवकांनी वृद्धांच्या घरी तासभर जाऊन त्यांना हवा असेल तर तारा टांगून द्यावा, नको असेल तर चहा घेऊन परतावे. ज्यांच्या घरी मळणी उरली आहे, तेथे चार हात मदत करावी. आणि ज्यांना काहीच करवत नाही, त्यांनी ओंजळभर तणस एका ताटलीत ठेवून त्याशेजारी मेणबत्ती लावावी. तेही जमले नाही, तर नुसते मिस्सेला यावे. गव्हाणी तेथे मांडलेली असेल, आणि ती सर्वांची आहे.

प्रभू येशूच्या जन्माची शांती प्रत्येक घरी, उजळलेल्या आणि अंधाऱ्या, नांदो, हीच प्रार्थना.