प्रेशर सेन्सरचा आकडा बरोबर कसा आणायचा? डबा विकण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओत आपण कॉम्प्रेसर आणि आरओ प्लांटसाठी लागणाऱ्या डिजिटल प्रेशर डिस्प्लेचा धंदा बघितला. बुटीबोरी, हिंगणा, वाडी, जिकडे जाल तिकडे कॉम्प्रेसर आहेत, म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण कमेंटमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : "सर, सेन्सर चांगला घेतला, चिपही चांगली घेतली, तरी आकडा चुकतो. काय करू?"

मी बीबीए केलेला दुकानदार, इंजिनिअर नाही. पण परत आलेला माल कशामुळे परत आला हे बघितल्याशिवाय दुकान चालत नाही. त्यामुळे हा विषय मला शिकावाच लागला. तुम्हालाही शिकावा लागेल, कारण १०० डबे विकले आणि त्यातले २० परत आले तर नफा तिथेच संपतो.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या. सेन्सरमध्ये चार रेझिस्टन्सचा एक ब्रिज असतो. दाब पडला की त्याचा तोल बिघडतो आणि काही मिलिव्होल्टचा फरक बाहेर येतो. एवढासा सिग्नल मायक्रोकंट्रोलरला सरळ देऊन उपयोग नाही. म्हणून मध्ये सिग्नल कंडिशनर लागतो. तो सिग्नल मोठा करतो, त्याचा आकडा बनवतो, आणि आपल्या मेमरीत साठवलेल्या दुरुस्त्या लावून तो आकडा बाहेर देतो. या दुरुस्त्या त्या एकाच सेन्सरच्या असतात बरं का. एका पीसची मेमरी कॉपी करून पन्नास पीसमध्ये टाकणारे लोक आहेत. वेळ वाचतो, पण दोन सेन्सर कधीच सारखे नसतात.

आता सगळ्यात जास्त माल ज्या चुकीमुळे परत येतो, ती बघू. हनीवेलच्या बऱ्याच डिजिटल सेन्सरमध्ये १४ बिटचं आउटपुट असतं, म्हणजे ० ते १६३८३. नवीन माणूस धरून चालतो की ० म्हणजे शून्य दाब आणि १६३८३ म्हणजे पूर्ण दाब. तसं नसतं. नेहमीच्या मॉडेलमध्ये शून्य दाबाला १० टक्के, म्हणजे १६३८, आणि पूर्ण दाबाला ९० टक्के, म्हणजे १४७४५ असा आकडा येतो. वरची-खालची जागा बिघाड ओळखायला मोकळी ठेवलेली असते. म्हणून हिशोब असा : आलेल्या आकड्यातून १६३८ वजा करा, १३१०७ ने भागा, आणि सेन्सरच्या रेंजने गुणा.

समजा सेन्सर १० बारचा आहे आणि तुम्ही सरळ १६३८४ ने भागलं. खरा दाब ५ बार असताना आकडा येतो ८१९२ च्या आसपास, आणि डिस्प्लेवर दिसतं ५.०. एकदम बरोबर! तुम्ही खूश, डबा पॅक. पण खरा दाब २ बार असेल तर डिस्प्ले दाखवतो २.६. खरा ८ असेल तर दाखवतो ७.४. वर्कशॉपवाला ७.४ बघून कॉम्प्रेसरचं सेटिंग वाढवतो, आणि टाकीत प्रत्यक्षात ८ च्या वर दाब चढतो. इथे प्रश्न वॉरंटीचा राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो. म्हणून एकाच दाबावर, आणि तोही मधल्या दाबावर, तपासून डबा पास करू नका.

दुसरी गंमत स्टेटस बिटची. सेन्सर १६ बिट पाठवतो. त्यातले पहिले दोन बिट दाबाचे नसतात, स्थितीचे असतात. रेनेसासच्या झेडएससी३१०१४ या कंडिशनरमध्येही हीच पद्धत आहे. ००  म्हणजे ताजा आणि ठीक आकडा, १० म्हणजे मागच्या वेळचाच शिळा आकडा, ११ म्हणजे बिघाड. प्रोग्राममध्ये हे दोन बिट वेगळे काढले नाहीत, तर शिळ्या आकड्यात ३२७६८ मिसळतात आणि ५ बारचे अचानक ३० बार दिसतात. लोक म्हणतात, "सेन्सर मधूनच उडी मारतो." सेन्सर उडी मारत नाही, तुम्ही त्याला फार घाईघाईने विचारताय. दोन वाचनांमध्ये थोडा वेळ सोडा, आणि ११ आलं तर स्क्रीनवर आकडा न दाखवता 'एरर' दाखवा.

आता खास नागपूरचा घोळ. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथल्या हवेचा दाब ९७० ते ९८० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.९७ बार असतो. हवामानाच्या ॲपवर मात्र समुद्रसपाटीला नेलेला आकडा दिसतो, हजाराच्या आसपास. पोरं बर्डीवरून बीएमपी२८० आणतात, ॲपशी ताडून बघतात आणि ३५ चा फरक दिसला की सेन्सर खराब म्हणून परत घेऊन येतात. तो खराब नसतो. तसंच, ॲबसोल्यूट सेन्सर उघड्यावर ठेवला तर ०.९७ बार दाखवणारच. कॉम्प्रेसरला गेज प्रकारचा सेन्सर घ्या, तो उघड्यावर शून्य दाखवतो.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. दुरुस्ती न केलेल्या सिलिकॉन सेन्सरची संवेदनशीलता एका अंशाला साधारण ०.२ टक्क्याने घटते. हिवाळ्यात १५ अंशांवर सेट केलेला डबा उन्हाळ्यात ४५ अंशांवर गेला, की ३० अंशांत ६ टक्के गेले. कंडिशनर ही घट भरून काढतो, पण त्याला किमान दोन-तीन तापमानांवर कॅलिब्रेट केलेलं असेल तरच. हे घरी करायची सोय नसेल तर कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन आलेला सेन्सर घ्या. महाग पडतो, पण सुरुवातीला मी हेच सांगेन.

एककाचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या गेजवर बहुतेक किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं. १० किलो म्हणजे ९.८१ बार. दोन्ही सारखेच धरले तर २ टक्के चूक फुकटात मिळाली.

वायरिंगमध्ये ब्रिजला आणि कंडिशनरला व्होल्टेज एकाच जागेवरून द्या, म्हणजे सप्लाय हलला तरी दोन्ही बरोबर हलतात आणि आकडा टिकतो. चिपच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. आय-टू-सीची वायर मोटरच्या बाजूने दहा फूट ओढू नका. ती बोर्डावरच्या जवळच्या जोडणीसाठी आहे. लांब न्यायचं असेल तर ४-२० मिलिॲम्प किंवा आरएस-४८५ वापरा. आणि डबा चालू होताना आपोआप शून्य करणारा प्रोग्राम लिहू नका. टाकीत आधीच ६ बार असतील तर तो त्यालाच शून्य समजेल!

"२४ बिट आहे सर" म्हणून एचएक्स७११ दाखवणारे खूप येतात. बिट जास्त म्हणजे दशांश जास्त, अचूकता जास्त नाही. गिऱ्हाइकाला ±१ टक्का फुल स्केल लिहून देताना त्याचा अर्थही सांगा : १० बारच्या डब्यात कुठेही ०.१ बारपर्यंत फरक. १ बारवर तोच फरक १० टक्के होतो. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

तपासणीसाठी एक मास्टर गेज घ्या, तुमच्या डब्यापेक्षा चारपट अचूक आणि एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचं प्रमाणपत्र असलेला. प्रत्येक डबा ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के दाबावर बघा, चढताना आणि उतरताना दोन्ही. हाताच्या पंपाने एका डब्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती मजुरी किमतीत धरा, बरेच जण विसरतात. सीरियल नंबर टाकून दहाही आकडे कागदावर लिहा, एक प्रत डब्यात, एक तुमच्या फाइलमध्ये. आणि टायरची हवा मोजण्यासारख्या, ग्राहकाला माप देणाऱ्या कामासाठी डबा बनवत असाल, तर माल काढण्याआधी वैध मापन शास्त्र विभागात जाऊन या. २००९ च्या लीगल मेट्रॉलॉजी कायद्यानुसार वजन-मापाची उपकरणं बनवायला परवाना लागतो.

तपासणीच्या कागदाचा नमुना पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर भरून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या डब्याचे २ बार आणि ८ बारवरचे आकडे कमेंटमध्ये टाका, कुठे गडबड आहे ते बघू.