लॉकाआधी खांब

बालाघाट रोडवरच्या एका गॅरेजात महिंद्राची जीपच्या चॅसिसवरची जुनी पिकअप उभी होती. इंजिन ठणठणीत, पण खड्डा आला की डावं दार उघडायचं. मालकानं हँडलला सुतळी बांधून काम भागवलं होतं. महिंद्रानं मुंबईत पहिल्यांदा विलिज जीप जोडायला घेतली, तेव्हा तिला पत्र्याची दारंच नव्हती, त्यामुळे हा प्रश्नही नव्हता.

जुन्या लॉकची जीभ दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या खाचेत नुसती अडकते. टक्कर झाली, केबिन पिळवटली आणि दार खांबापासून लांब सरकलं की जीभ खाचेतून निसटते. नव्या लॉकचा पंजा खांबावरच्या जाड खिळीला वेढा घालतो, आणि खिळीचं टोपण त्याला बाजूला सरकू देत नाही. अमेरिकेत 1968 पासून लागू असलेल्या 206 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे पूर्ण बंद लॉकनं लांबीच्या दिशेनं 11,000 न्यूटन, म्हणजे अकराशे किलोंहून अधिक वजनाएवढी ओढ सोसायला हवी. पंजाला दोन टप्पे असतात. पहिल्या खटक्यावर दार अर्धंच लागलेलं असतं.

मालकानं डाव्या-उजव्या लॉकांची नवी जोडी आणली होती. मिस्त्रीनं ती बाजूला ठेवली आणि दाराचं मोकळं टोक धरून वर उचललं. दार हललं. कब्जांच्या पिना झिजलेल्या. मग खांबावर पेचकस टोचला, तर तो आत गेला. "लॉक नवा लावून का होते जी, खांबच सडला त?"

दाराच्या तळाची भोकं तुसानं बुजली होती. गाडी राइस मिलचा माल वाहायची. पावसाचं पाणी आतच साचून पत्रा खात होतं. खरं काम इथंच होतं. पिना आणि बुश बदलले, खांबाचा कुजका पत्रा कापून नवा जोडला, आत आटे पाडलेली जाड पट्टी घातली. पट्टी जरा सरकती ठेवली, म्हणजे खिळी पुढंमागं, वर-खाली करता येते.

लॉकसाठी पुठ्ठ्याचा साचा कापला. काच पूर्ण खाली घेऊनच माप घेतलं, नाहीतर पंजा काचेच्या वाटेत येतो. जुन्या हँडलची ओढ उलट दिशेची निघाली, तेव्हा मध्ये एक छोटी तरफ बसवून तार नव्यानं वाकवली. कापलेल्या कडांना रेड ऑक्साइड लावलं.

दार लावायच्या आधी मिस्त्रीनं पेचकसानं पंजा मिटवला आणि हँडल ओढून तो सुटतो का, हे पाहिलं. ही तपासणी चुकली आणि तार निसटलेली असली, तर बंद दार उघडायला पत्रा फाडावा लागतो. मग खिळीला ग्रीस लावून दार हळूच टेकवलं; लॉकवर डाग वरच्या बाजूला उमटला, म्हणून खिळी किंचित खाली घेतली. एक चाक जॅकवर चढवून पुन्हा उघडझाप. दोन्ही खटके वाजले.

उजवं दार अजून व्हायचं होतं. मालक म्हणाला, तिकडचा खांब चांगला आहे. मिस्त्रीनं पेचकस उचलला.