दूरदर्शनच्या लेखिका सई परांजपे

सई परांजपे यांचे नाव निघाले की ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ हे चित्रपट आठवतात. पण त्यांची पटकथालेखिका म्हणून खरी जडणघडण झाली ती दूरदर्शनमध्ये, आणि ‘स्पर्श’ व ‘चश्मेबद्दूर’ या त्यांच्या दोन गाजलेल्या चित्रपटांचे बीज तिथेच पडले होते.

सईंचा जन्म १९३८ चा. रँग्लर र. पु. परांजपे हे आजोबा, शकुंतला परांजपे या आई. वयाच्या आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे पहिले पुस्तक निघाले. पुढे पुणे आकाशवाणीवर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम झाले. १९६३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि पुढे त्या दिल्ली दूरदर्शनमध्ये निर्माती म्हणून आल्या.

त्या काळचे दूरदर्शन म्हणजे आकाशवाणीचाच एक विभाग. चित्र कृष्णधवल, साधने तुटपुंजी. दोन-तीन सेटवर, मोजक्या पात्रांत गोष्ट उभी करायची, तर सगळा भार संवादांवर येतो. सईंच्या लेखनातली सहज, बोलकी भाषा या तालमीतून आली, असे म्हणता येईल. शिवाय त्या लिहीत आणि दिग्दर्शितही करीत, त्यामुळे कागदावरचे वाक्य नटाच्या तोंडी कसे उतरते, हे त्यांना लगेच कळत असे. १९७२ मध्ये त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ या टेलिफिल्मला तेहरानमध्ये एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती सईंकडेच सोपवली गेली.

दूरदर्शनच्या कामात दिल्लीतल्या अंधशाळेचे जग त्यांनी जवळून पाहिले आणि त्यातून ‘स्पर्श’ हा चित्रपट उभा राहिला. शाळेचा अंध मुख्याध्यापक कुणाची दया स्वीकारत नाही, आणि पटकथाही प्रेक्षकाला त्याची कीव करू देत नाही. हे साधणे फार अवघड होते. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. ‘चश्मेबद्दूर’चे (१९८१) मूळ त्यांच्याच ‘धुआँ धुआँ’ या टेलिफिल्ममध्ये आहे. दिल्लीत एकाच खोलीत राहणारे तीन तरुण, त्यांच्या फुशारक्या आणि सिगारेटी, एवढ्या ऐवजावर आजही टवटवीत वाटणारी विनोदी गोष्ट त्यांनी रचली.

१९८४ मध्ये मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या ‘हम लोग’ने मालिकांचे युग सुरू केले. सईंनीही त्या सुमारास ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ या मालिका केल्या. मराठी रंगभूमीसाठी ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ ही नाटकेही त्यांनी लिहिली. शेजारीपाजारी, घरातली धुसफुस, मध्यमवर्गाचे छोटे हट्ट हा त्यांचा हातखंडा विषय. माध्यम बदलले तरी तो सुटला नाही.

२००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘सय’ हे आत्मकथन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मालिकालेखनाकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने ते अवश्य वाचावे.