विस्तृत लोकराज्य व अल्पसंख्याकांचे हक्क

लोकराज्यात बहुमताने निर्णय होतो, हे इयत्ता पाचवीतील मुलासही ठाऊक असते. मग ज्यांची संख्या थोडी, त्यांनी कोणाच्या आधारावर राहावे? कर्जत-खालापुराकडील एखाद्या कातकरवाडीस हा प्रश्न पडतो, तसाच तो आम्हां ख्रिस्ती लोकांसही पडतो. राज्य लहान, माणसे ओळखीची, म्हणून न्यायही जवळ, असा पुष्कळांचा समज असतो. आमचे मत ह्याच्या उलट आहे.

जेम्स मॅडिसन नामक अमेरिकन मुत्सद्द्याने इ. स. १७८७ मध्ये ह्याचे कारण विशद केले. लहान जागी हितसंबंध मोजके असतात. तेथे एक गट सहज बहुसंख्य होतो व इतरांस दडपू शकतो. देश विस्तृत झाला की शेतकरी, व्यापारी, सावकार, कारखानदार व नाना पंथ एकाच छत्राखाली येतात. मग एकट्याच्या बळावर बहुमत कोणासच मिळत नाही. ते इतरांशी जुळवून घेऊनच मिळवावे लागते, आणि आज ज्यास दुखवावे त्याचीच उद्या गरज पडते.

ह्याचा दाखला पाहण्यास अमेरिकेस जावयास नको. आपल्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत, तेव्हाची महाडची हकीकत पाहा. १९२३ साली सीताराम केशव बोले ह्यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे असा ठराव मुंबई कायदेमंडळात आणिला व तो संमत झाला. बोले स्वतः भंडारी जातीचे, मुंबईच्या कामगारांचे कैवारी. आणि त्या मंडळात सिंध, गुजरात, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या सर्वांचे सभासद होते. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा परिषदेस आलेल्या लोकांस मारहाण झाली, आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. बहुमत तेथेही होतेच! अखेर १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. गावाने नाकारिलेले पाणी गावाबाहेरील सत्तेने मिळवून दिले; मात्र त्यास चौदा वर्षे लागली.

केवळ विस्तार पुरेसा नाही, हेही सांगितले पाहिजे. मॅडिसनच्या विस्तृत देशात गुलामगिरी १८६५ पर्यंत टिकली, कारण गुलामांस मत नव्हते. ज्यास मत नाही, त्याच्याशी जुळवून घेण्याची कोणास गरज पडावी? आपल्या संविधानाने १९५० पासून प्रत्येक प्रौढास मत दिले आणि काही हक्क बहुमताच्या लहरीपासून दूर ठेविले. अल्पसंख्याकांस आपल्या शाळा स्थापून चालविता येतात, तो हक्क अनुच्छेद ३० चा.

आता आपल्या मावळ लोकसभा मतदारसंघाकडे पाहू. २००८ च्या पुनर्रचनेने त्यात कर्जत, पनवेल, उरण हे घाटाखालचे आणि मावळ, चिंचवड, पिंपरी हे घाटावरचे विभाग एकत्र आले. उरणचा कोळी, कर्जतचा ठाकर, मावळचा भातशेतकरी, पिंपरीचा गिरणगत कारखान्यात राबणारा कामगार, ह्यांपैकी एकाच्याच मतांवर येथे कोणी निवडून येऊ शकत नाही. मॅडिसनचा सिद्धान्त येथे शोभून दिसतो. तथापि लोकसभेची निवडणूक बहुधा एप्रिल-मे महिन्यांत येते, आणि त्या दिवसांत आपल्याकडील कितीतरी कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह दूरच्या वीटभट्ट्यांवर असतात. त्यांची नावे यादीत असली, तरी मतपेटीपाशी ती पोहोचत नाहीत.